सिंहाची शिकार आणि याकोबाची झुंज

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन नदीच्या काठी बोर्दो हे जुने बंदर आहे. तेथील कलासंग्रहालयाच्या संग्रहात एक चित्र आहे, आणि ते अर्धेच आहे. त्याची रुंदी साडेतीन मीटरांहून अधिक असून उंची मात्र जेमतेम पावणेदोन मीटर उरली आहे. चित्राच्या खालच्या बाजूस सिंह आणि सिंहीण, कोसळलेले घोडे, भुईवर पडलेली माणसे असा एकच कल्लोळ माजला आहे. आपली नजर वर चढू लागते. घोड्यांवर मांड ठोकून बसलेल्यांचे चेहरे पाहावेत, त्यांच्या उगारलेल्या शस्त्रांची टोके पाहावीत, असे मनात येते; आणि नेमके तेथेच चित्र संपते. वरचा भाग आगीने नेला आहे. माणसाच्या पराक्रमाची बाजू जळाली आणि झुंजणारी जनावरे तेवढी मागे राहिली, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. या चित्राचा इतिहास आम्ही वाचू लागलो तेव्हा एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. हिंस्र पशूंच्या झुंजीचे असे रक्तबंबाळ चित्र माणसाने काढावे तरी कशासाठी? आणि ते दुसऱ्या माणसाने पाहावे तरी कशासाठी? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही शिकारीच्या रानातून निघून एका चर्चमधील लहानशा चॅपेलमध्ये येऊन पोहोचलो. वाचकांनाही त्याच वाटेने नेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

या चित्राचा कर्ता यूजेन देलाक्रवा. त्याचा जन्म २६ एप्रिल १७९८ रोजी पॅरिसजवळ झाला. वडील फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतले मोठे अधिकारी. पुढे त्यांची नेमणूक बोर्दोला झाली आणि १८०५ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यामुळे देलाक्रवाच्या बालपणाची काही वर्षे याच बंदरात गेली. एक भाऊ १८०७ मध्ये नेपोलियनच्या लढाईत मारला गेला. दुसरा, निवृत्त सेनाधिकारी, १८४५ च्या अखेरीस बोर्दोतच वारला. ज्या शहरात पिता आणि बंधू चिरविश्रांती घेत होते, त्याच शहराकडे पुढे त्याचे हे भव्य चित्र रवाना झाले आणि त्याच शहरात ते जळाले.

देलाक्रवाचे नाव कलेच्या इतिहासात स्वच्छंदतावादी चित्रकारांचा अग्रणी म्हणून घेतले जाते. त्याच्या तारुण्यात फ्रान्समध्ये अभिजाततावादाचे वर्चस्व होते. रेषा रेखीव हवी, मांडणी संयमित हवी, विषय ग्रीक-रोमन पुराणांतला हवा, भावनेला वेसण हवी, असा तो शिरस्ता होता. स्वच्छंदतावाद्यांनी ही चौकट मोडली. वादळ, जहाजफुटी, क्रांती, वेड, मृत्यू यांना त्यांनी चित्रात आणले. देलाक्रवाहून सात वर्षांनी मोठा असलेला तेओदोर जेरिको याने फुटलेल्या जहाजाच्या तराफ्यावर तडफडणाऱ्या माणसांचे जे प्रचंड चित्र १८१९ मध्ये प्रदर्शित केले, त्यातील एका देहासाठी तरुण देलाक्रवा स्वतः नमुना म्हणून बसला होता.

पशूंची झुंज हा या मंडळींचा आवडता विषय. त्याची परंपरा मात्र जुनी आहे. रोमच्या कॅपिटोल टेकडीवर घोड्यावर झडप घालणाऱ्या सिंहाचे प्राचीन संगमरवरी शिल्प आहे. अठराव्या शतकात जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने हाच विषय घेऊन पुनःपुन्हा चित्रे काढली. पांढराशुभ्र घोडा, त्याच्या पाठीत दात रोवलेला सिंह आणि वेदनेने मागे वळलेली घोड्याची मान! राजेरजवाड्यांच्या शिकारचित्रांत विजय कोणाचा हे आधीच ठरलेले असे. या नव्या चित्रांत ते ठरलेले नव्हते. पशूच्या डोळ्यांतील भय प्रथमच चित्राचा खरा विषय झाले होते.

देलाक्रवाने सिंह कोठे पाहिले? राज्यक्रांतीनंतर, १७९३-९४ च्या सुमारास, व्हर्सायच्या राजवाड्यातील प्राणी पॅरिसच्या वनस्पतिउद्यानात आणण्यात आले. जे जनावर पूर्वी राजाच्या करमणुकीसाठी होते, ते आता सामान्य नागरिकांना पाहता येऊ लागले. तेथे पिंजऱ्यांसमोर दोन मित्र तासन्‌तास बसून रेखाटने करीत. एक देलाक्रवा आणि दुसरा शिल्पकार आंत्वान-लुई बारी. उद्यानातील एखादा सिंह मेला की त्याची वार्ता एकमेकांना तातडीने कळवायची, मग दोघांनी धावत जाऊन त्या कलेवराचे स्नायू, सांधे, हाडे यांचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम होता. सिंहाच्या पुढच्या पायाची घडण माणसाच्या बाहूसारखीच आहे, हे त्या अभ्यासात देलाक्रवाच्या मनावर ठसले. आमच्या मते त्याच्या सगळ्या पशुचित्रांची किल्ली येथे आहे. त्याने सिंहाकडे परक्या राक्षसासारखे पाहिले नाही. त्या पंजात त्याला आपलाच हात दिसला.

१८३१ च्या पॅरिस प्रदर्शनात या दोघा मित्रांच्या कलाकृती झळकल्या. बारीचे शिल्प होते वाघ आणि सुसरीच्या झुंजीचे. त्या सुसरीचे नाव त्याने मुद्दाम 'गंगेची सुसर' असे दिले होते. लांब, निमुळत्या जबड्याची ही सुसर म्हणजे आपल्या उत्तर हिंदुस्थानातील नद्यांचा घडियाल. आपल्या देशातील एक प्राणी पॅरिसमधील स्वच्छंदतावादी कलेच्या उंबरठ्यावर असा उभा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. देलाक्रवाने त्याच प्रदर्शनात एक मोठे व्याघ्रचित्र मांडले होते. त्यात मात्र झुंज नव्हती. वाघाचा बच्चा आपल्या आईशी खेळतो आहे, एवढाच त्याचा विषय. झुंजीचा हा चित्रकार मायेकडे पाठ फिरवून बसला नव्हता, हे ध्यानात ठेवणे बरे.

पुढच्याच वर्षी, १८३२ साली, त्याला आफ्रिका पाहण्याची संधी लाभली. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जियर्स जिंकले होते आणि शेजारच्या मोरोक्कोच्या सुलतानाशी बोलणी करणे अगत्याचे झाले होते. त्यासाठी निघालेल्या काउंट द मोर्ने यांच्या शिष्टमंडळाबरोबर देलाक्रवा जानेवारीत टँजियरला उतरला. मार्च महिन्यात शिष्टमंडळ मेकनेस येथे सुलतानाला भेटले आणि जुलैत तो मायदेशी परतला. या सहा महिन्यांत त्याने वह्याच्या वह्या भरल्या. टँजियरजवळ दोन घोड्यांची जी भयंकर झुंज त्याने पाहिली, ती त्याला जन्मभर विसरता आली नाही. ती पाहताना त्याला रुबेन्सच्या चित्रांची आठवण झाली होती. तब्बल अठ्ठावीस वर्षांनी, १८६० मध्ये, त्याने तबेल्यात झुंजणाऱ्या अरबी घोड्यांचे चित्र पुरे केले. ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सिंहाच्या शिकारीच्या चित्रांत जे शिकारी आहेत, ते फेटे बांधलेले, झगे घातलेले पौर्वात्य आहेत. चित्रकार पॅरिसचा, प्रेक्षक पॅरिसचे, आणि रक्त सांडणारे मात्र परदेशी. ज्या काळात फ्रान्स अल्जीरिया पादाक्रांत करीत होता, त्याच काळात 'पूर्व म्हणजे रानटी आवेग' ही समजूत युरोपात अशा चित्रांनी घट्ट होत गेली. आपणही एके काळी पराधीन होतो. तेव्हा या चित्रांकडे आपण भाबडेपणाने पाहू नये, असे आम्हांला वाटते. तथापि एवढे म्हणून चित्र निकालात काढणेही न्यायाचे होणार नाही. देलाक्रवाने त्या शिकाऱ्यांना हास्यास्पद केलेले नाही. त्यांचे धैर्य, त्यांची भीती, त्यांचे मरण यांना त्याने तीच प्रतिष्ठा दिली, जी जुने चित्रकार ग्रीक वीरांना देत असत.

आता मूळ चित्राकडे येऊ. १८५५ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरावयाचे होते. त्यासाठी १८५४ मध्ये फ्रेंच सरकारने देलाक्रवाकडे एका मोठ्या चित्राची मागणी केली आणि विषयाची निवड त्याच्यावरच सोपविली. त्याने सिंहाची शिकार निवडली. अशा शिकारीचे चित्र काढताना त्याचा गुरू होता दोनशे वर्षांपूर्वीचा अँटवर्पचा कॅथलिक चित्रकार पीटर पॉल रुबेन्स. रुबेन्सने १६१५-१६ च्या सुमारास बव्हेरियाच्या मॅक्सिमिलियनसाठी चार शिकारचित्रे केली होती. पुढे नेपोलियनच्या काळात ती लुटून फ्रान्समध्ये आणली गेली. त्यांतील पाणघोड्याच्या शिकारीचे चित्र तेवढे म्युनिकला परत गेले; बाकीची फ्रान्सच्या निरनिराळ्या शहरांत राहिली आणि सिंहाच्या शिकारीचे चित्र बोर्दोच्या वाट्याला आले.

रुबेन्सच्या या चित्रांवरून केलेल्या छापांचा देलाक्रवाने बारकाईने अभ्यास केला होता. जानेवारी १८४७ मधील रोजनिशीत त्याने त्यांची तुलना करून ठेवली आहे. पाणघोड्याच्या चित्रात सगळा गदारोळ असूनही नजरेला विसावा मिळतो, कारण तो अवजड प्राणी मधोमध आहे आणि बाकी सारे त्याच्याभोवती फिरते. सिंहाच्या चित्रात मात्र प्रत्येक तपशील जोरदार असल्यामुळे नजर गोंधळते, असा त्याचा अभिप्राय होता. म्हणजे पशूंच्या झुंजीतही त्याला व्यवस्था हवी होती. आवेग आणि शिस्त यांचा मेळ कसा घालावा, ही त्याची जन्माची साधना होती.

प्रदर्शनात त्याची तीसहून अधिक चित्रे मांडली गेली. त्याचा जुना प्रतिस्पर्धी, अभिजाततावादाचा धुरीण आंग्र, याचेही स्वतंत्र दालन होते. सिंहाच्या शिकारीपुढे लोक थबकले. पुष्कळ टीकाकारांना त्यात नुसता गोंधळ दिसला. कोणाचा पाय कोठे आणि कोणाचे शेपूट कोठे हेच कळत नाही, अशी त्यांची तक्रार. कवी बोदलेर मात्र त्या रंगांच्या तेजाने भारावून गेला आणि त्याने मुक्तकंठाने स्तुती केली. देलाक्रवाला प्रदर्शनाचे मोठे सन्मानपदक लाभले. अनेकदा नाकारला गेल्यानंतर १८५७ मध्ये अखेर कला अकादमीचे दारही त्याला उघडले. चित्र सरकारने बोर्दोच्या संग्रहालयाला दिले. अशा रीतीने शिष्याची सिंहाची शिकार गुरूच्या सिंहाच्या शिकारीच्या घरी राहावयास आली.

पण त्याच वर्षांत हा चित्रकार आणखी एका झुंजीत गुंतला होता. १८४९ मध्ये पॅरिसच्या सेंट सुल्पीस चर्चमधील एक चॅपेल रंगविण्याचे काम त्याच्याकडे आले होते. हे चॅपेल पवित्र देवदूतांना अर्पण केलेले. छतावर महादूत मायकल सैतानाला पायाखाली घेत आहे. माहीम असो वा माणिकपूर, संत मायकलच्या नावाची चर्च आपल्याला परिचित आहेत आणि हे दृश्य आपल्या घरोघरच्या तसबिरींत आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. एका भिंतीवर हेलिओदोरची कथा आहे. ती मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातली, म्हणजे आपल्या कॅथलिक बायबलमध्ये समाविष्ट असलेली. मंदिराचा खजिना लुटावयास आलेल्या त्या अधिकाऱ्याला स्वर्गीय घोडेस्वार तुडवितो आणि दोन दूत फटके मारतात. समोरच्या भिंतीवर उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब रात्रभर देवदूताशी झुंजतो आहे.

देलाक्रवा नेमाने चर्चला जाणारा भाविक नव्हता. ज्या घरात तो वाढला तेथे धर्माविषयी आस्था बेताचीच होती. आणि तरीही या चॅपेलसाठी त्याने आपल्या आयुष्याची उरलेसुरली शक्ती वेचली. प्रकृती ढासळत चालली होती, घशाचा आणि छातीचा विकार बळावला होता. चर्चला जाणे-येणे सोपे व्हावे म्हणून डिसेंबर १८५७ मध्ये त्याने जुने बिऱ्हाड सोडले आणि जवळच्या फुर्स्टेनबर्ग गल्लीत घर घेतले. आज ते घर त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. १८६१ च्या उन्हाळ्यात काम पुरे झाले. त्याच वर्षी त्याने सिंहाच्या शिकारीचे आणखी एक चित्र रंगविले. ते सध्या शिकागोत आहे.

याकोबाच्या त्या चित्राकडे पाहावे. प्रचंड ओक वृक्षांच्या पायथ्याशी दोन आकृती भिडल्या आहेत. याकोबाने मस्तक खाली घातले आहे, पाठ वाकविली आहे, मांडीचे स्नायू ताणले आहेत, आणि एखाद्या एडक्याने टक्कर द्यावी तसा तो सगळ्या बळानिशी रेटतो आहे. देवदूत मात्र ताठ आणि शांत उभा आहे. पुढे जमिनीवर याकोबाने टाकून दिलेले कपडे, टोपी, शस्त्रे यांचा ढीग पडला आहे. पशूंच्या झुंजी रंगवून रंगवून हाताला जे ज्ञान झाले होते, ते सारे या पाठीत उतरले आहे, अशी आमची धारणा आहे. सिंहाच्या पायात ज्याने माणसाचा बाहू पाहिला, त्यानेच प्रार्थना करणाऱ्या माणसात झुंजणारा पशू पाहिला. मात्र एक मोठा फरक आहे. रानातली झुंज मरणाने संपते, तर याकोबाची झुंज पहाटे आशीर्वादाने संपते. तो लंगडत जातो, परंतु नवे नाव घेऊन जातो. ही झुंज म्हणजे देव आपल्या निवडलेल्यांवर कधी कधी जी संकटे पाठवितो त्यांचे प्रतीक होय, असा अर्थ चॅपेल खुले करताना देलाक्रवाने स्वतःच दिला होता.

१३ ऑगस्ट १८६३ रोजी देलाक्रवाचे निधन झाले. सात वर्षांनी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. पॅरिसला वेढा पडला होता. बोर्दोचे चित्रसंग्रह तेव्हा नगरभवनात होते. ही इमारत म्हणजे अठराव्या शतकात आर्चबिशप रोआँ यांनी आपल्या निवासासाठी बांधविलेला प्रासाद. ७ डिसेंबर १८७० रोजी तेथे आग लागली. रुबेन्सची सिंहाची शिकार पूर्णपणे भस्मसात झाली. देलाक्रवाच्या चित्राचा वरचा भाग गेला. गुरू आणि शिष्य दोघांच्याही चित्रांना एकाच आगीने गाठले.

तरीही चित्र समूळ नाहीसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय एका तरुणाला आहे. बोर्दोत १८४० साली जन्मलेला ओदिलों रेदों हा पुढे स्वतः मोठा चित्रकार झाला. तारुण्यात त्याची देलाक्रवावर अपार भक्ती होती. एका रात्री पॅरिसमधील एका समारंभात त्याने आपले दैवत पाहिले आणि समारंभ संपल्यावर तो काही अंतर राखून त्याच्या मागोमाग चालत गेला. विचारात गढलेला तो वृद्ध चित्रकार सवयीने आपल्या जुन्या घरापाशी पोहोचला आणि मग चूक ध्यानात येऊन शांतपणे फुर्स्टेनबर्ग गल्लीकडे वळला, ही आठवण रेदोंने लिहून ठेवली आहे. या रेदोंने आगीपूर्वी बोर्दोच्या संग्रहालयात बसून सिंहाच्या शिकारीची नक्कल केली होती. ती नक्कल आणि देलाक्रवाचे पूर्वतयारीचे रंगीत टिपण, जे ओर्से संग्रहालयात आहे, यांमुळेच संपूर्ण चित्र कसे होते हे आज जगाला कळते. कोणी प्रेमाने नक्कल करून ठेवली, म्हणून जळालेलेही उरले. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या नोंदवह्या, आजी-आजोबांच्या तोंडची गाणी, पेटीत तळाशी पडलेली छायाचित्रे यांच्याकडे पाहताना ही गोष्ट आपण मनाशी बाळगावी. आग, वाळवी आणि विस्मरण कोणासाठी थांबत नाहीत.

आणि ते सिंह? उत्तर आफ्रिकेच्या डोंगरांत वावरणारा सिंह बंदुकीपुढे टिकला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो तेथील रानांतून नाहीसा झाला. चित्रात उगारलेली शस्त्रे जळाली, परंतु प्रत्यक्षात विजय शस्त्राचाच झाला. त्या सिंहाचे एक जवळचे भाऊबंद मात्र आपल्या शेजारी आहेत. गीरचा सिंह आणि उत्तर आफ्रिकेचा सिंह हे एकाच उपजातीचे, असे प्राणिशास्त्रज्ञांनी २०१७ साली केलेल्या वर्गीकरणात मानले आहे. गुजरातेतील २०२५ च्या गणनेत या सिंहांची संख्या ८९१ भरली. माणसाने हात आखडता घेतला, तेव्हाच ते वाचले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडते. पशूंच्या झुंजीचे चित्र क्रौर्याची हौस भागविण्यासाठी काढता येते, तसेच ते स्वतःला ओळखण्यासाठीही काढता येते. देलाक्रवाने आपल्यातील वाघ-सिंह लपविले नाहीत. त्यांना त्याने रंगांत बांधले आणि शेवटी तीच ताकद त्याने याकोबाच्या पाठीत घातली. आपल्या प्रत्येकाच्या घरात रागाची, मत्सराची, जमिनीच्या वाट्याची झुंज कधी ना कधी होतेच. ती रानातल्यासारखी शेवटच्या श्वासापर्यंत न्यायची, की पहाट होईपर्यंत चिवटपणे धरून ठेवून तिच्याकडून आशीर्वाद मागायचा, एवढेच आपल्या हाती असते. बोर्दोची ती अर्धी भिंत आणि सेंट सुल्पीसची ती पूर्ण भिंत, दोन्ही एकाच हाताची आहेत.